आपलेच सोंग पाहताना

मे महिन्यात बारामतीत दुपारी दोननंतर पंख्याखाली पडून राहण्याखेरीज माणसाच्या हातून फारसे काही होत नाही. गेल्या मे महिन्यातील अशाच एका दुपारी आमच्या घरात मोठे भांडण झाले. भांडणारी मंडळी दोन : दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली माझी मुलगी आणि सुट्टीसाठी इंदापूरहून आलेला माझा पुतण्या. भांडणाचा विषय होता एका कार्टून मालिकेतला एक विनोदी भाग. मी पेपर तपासत होतो आणि 'आवाज कमी करा' एवढे सांगण्यासाठीच त्या खोलीत गेलो होतो. तिथे जो बसलो तो संध्याकाळपर्यंत उठलो नाही.

मालिकेचे नाव 'अवतार : द लास्ट एअरबेंडर'. अमेरिकेत 2005 ते 2008 या काळात ती प्रथम दाखवली गेली. भाग एकूण 61, जल, पृथ्वी आणि अग्नी अशा तीन 'ग्रंथां'त विभागलेले. कार्टून म्हटले की एकमेकांच्या डोक्यात हातोडे घालणारी मांजरे आणि उंदीर, एवढीच माझी समजूत होती. नावातल्या 'अवतार' या शब्दामुळे मात्र माझ्यातला भाषेचा मास्तर जागा झाला होता. शब्द आपला असला तरी अर्थ आपला नाही, हे मी मुलांना आधीच सुनावले होते. वरून खाली उतरतो तो आपला अवतार. इथला अवतार म्हणजे एकच आत्मा चार लोकसमूहांत पाळीपाळीने पुन्हा पुन्हा जन्म घेतो, म्हणजे खरे तर हा पुनर्जन्मच. मुलांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि पुढचा भाग लावला. असो.

भांडण ज्यावरून झाले तो 57वा भाग, 'द एम्बर आयलंड प्लेअर्स'. कथा अगदी टोकाला येऊन ठेपली आहे. अग्निराष्ट्राने शंभर वर्षे चालवलेल्या युद्धाचा शेवट काही दिवसांवर आला आहे. बारा वर्षांचा आंग, हाच अवतार, त्याचे सोबती आणि त्यांना येऊन मिळालेला शत्रूचा राजपुत्र झुको, असे सगळे शत्रूच्याच एका बेटावर लपून बसले आहेत. तिथे त्यांना एका नाटकाची जाहिरात दिसते. नाटक त्यांच्याच आयुष्यावर आहे. वेश बदलून ही मंडळी सज्जात जाऊन बसतात आणि पडदा वर जातो.

रंगमंचावर जे घडते ते पाहण्यासारखे आहे. आंगचे काम एक बाई करते आहे आणि तारांना लटकून खिदळत उडते आहे. सतत आशेचा उपदेश करणारी कटारा तिथे शब्दागणिक हुंदके देते. तिचा भाऊ सोका याला खाण्यापलीकडे विनोदच नाही. झुकोच्या चेहऱ्यावरचा भाजल्याचा डाग चुकीच्या बाजूला रंगवलेला आहे. आंधळी, लहानखुरी टॉफ तर एका धिप्पाड पहिलवानाने साकारली आहे. नाटककाराने माहिती मिळवली ती गाणारे भटके, चाचे, युद्धकैदी आणि एक कोबीविक्या यांच्याकडून. हा कोबीविक्या म्हणजे मालिकेत ज्याची गाडी वेळोवेळी उलटते तो बिचारा माणूस. एवढ्या प्रवासात या नायकांची सगळ्यात पक्की नोंद कुणी ठेवली असेल तर त्याने!

पुतण्याचे म्हणणे सरळ होते. "काका, आता लढाई तोंडावर आलीय, आणि ह्यांना नाटक सुचतंय! सगळं आधी झालेलंच परत दाखवलंय. एक भाग वाया घालवला नुसता." मुलगी हसून हसून गादीवर आडवी झाली होती. तिच्या मते अख्ख्या मालिकेत याहून चांगला भाग नाही. पुतण्याचा खरा राग, पुढे लक्षात आले, पुनरावृत्तीवर नव्हताच. "आपल्या माणसांची असली टिंगल कुणी करतं का?" असे तो शेवटी बोलून गेला.

ही दोन मते आमच्या घरापुरती नव्हती. हा भाग अमेरिकेत 18 जुलै 2008 रोजी दाखवला गेला आणि लगेच दुसऱ्या दिवशी चार भागांचा अंतिम संग्राम. तीन वर्षे वाट पाहिलेल्या चाहत्यांना आदल्या रात्री हा फार्स वाढलेला. काहींना तो भरताड वाटला. काहींना मालिकेचा मुकुटमणी. आणि गंमत अशी की, चाहत्यांच्या प्रतिक्रिया लेखकांनी त्या भागातच आधी घालून ठेवल्या होत्या. जेट नावाचे एक पात्र दुसऱ्या ग्रंथात मरते की नाही, हे मूळ भागात नीट कळत नाही आणि त्यावर चाहत्यांचा बराच खल झालेला. नाटकातला जेट दगडाखाली सापडतो, तेव्हा झुको विचारतो की हा आत्ता मेला का, आणि सोका म्हणतो की ते काही स्पष्ट झाले नाही. पहिल्या ग्रंथातला 'द ग्रेट डिव्हाइड' हा चाहत्यांचा नावडता भाग. नाटकातली मंडळी ती दरी वरून पाहतात आणि न थांबता पुढे उडून जातात. कटाराने आंगऐवजी झुकोवर प्रेम करावे असे मानणारा एक मोठा पंथ होता. त्यांचे स्वप्न नाटकातल्या कटाराच्या तोंडी इतक्या भडकपणे घातले आहे की त्यांना राग यावा की आनंद व्हावा हे त्यांचे त्यांनाच कळू नये. प्रेक्षकांच्या गप्पा ऐकून त्यांनाच त्या पडद्यावरून परत द्यायच्या, ही विद्या परदेशातच निपजली असे मात्र समजण्याचे कारण नाही.

माझे बालपण बारामती-इंदापूर रस्त्यावर, लासुर्ण्याच्या अलीकडच्या एका खेड्यात गेले. 1988च्या सुमारास, मी आठनऊ वर्षांचा असताना, जत्रेला तमाशाचा फड आला. फडाचा सोंगाड्या दुपारभर पारासमोरच्या चहाच्या टपरीवर बसून होता. आम्ही पोरे त्याच्याभोवती घिरट्या घालत होतो. तो फार बोलत नव्हता. पानवाल्याला, न्हाव्याला एखादा प्रश्न विचारी आणि ऐकत राही. रात्री गण झाला, गवळण झाली, मावशीने कृष्णाची यथेच्छ खोड काढली आणि बतावणीत सोंगाड्याने गावाकडे मोर्चा वळवला. कुणाच्या उसाला तोड मिळत नाही, कुणी नवी मोटारसायकल घेतली आणि ती चालवता येत नाही म्हणून ढकलत नेतो, सगळे बाहेर आले. पुढच्या रांगेत बसलेल्या एका बड्या बागायतदाराचे नाक ओढून बोलणे त्याने असे उचलले की कनातीबाहेरची माणसेही हसू लागली. माझ्या वडिलांनी माझा हात घट्ट धरल्याचे आठवते. आता काहीतरी होणार, असे त्यांना वाटले असावे. बागायतदार क्षणभर गप्प राहिला. मग खिशातून नोट काढून त्याने ती वर धरली आणि त्याच नाकातल्या आवाजात ओरडला, "परत कर!"

कोबीविक्या आणि पानवाला यांचे नाते मला त्या मे महिन्यातल्या दुपारी प्रथम दिसले.

पुतण्याच्या पुनरावृत्तीच्या तक्रारीचे उत्तर मात्र माझ्याकडे तयार होते, आणि बारामतीकराला ते शोधायला लांब जावे लागत नाही. मोरोपंतांनी याच गावी बसून शंभराहून अधिक रामायणे रचली. एकात तर ओठांनी उच्चारायचे एकही अक्षर येऊ द्यायचे नाही असा हट्ट; त्याचे नावच 'निरोष्ठ रामायण'. सीतेचे हरण होणार आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊकच असते. कथा माहीत असलेल्या माणसालाच तिचा खेळ करता येतो आणि कळतो. हे मी पुतण्याला सांगितले. तो म्हणाला, "पण मोरोपंत रामाला हसले का?" या प्रश्नापाशी मी अडलो. पोरगे हुशार आहे.

खरे सांगायचे तर मी त्या प्रश्नापाशी अडलो नव्हतो. मी अडलो होतो कटारापाशी. मध्यंतरात ती रागाने म्हणते की मी अशी रडकी आणि उपदेशखोर नाहीच. आणि तिचे जिवलग सोबती एकमेकांकडे पाहतात. त्यांना ती नक्कल बरोबर वाटलेली असते. टॉफ एकटीच आपल्या पहिलवानावर बेहद्द खूश असते. तिथे मुलगी मला म्हणाली, "बाबा, तुम्ही कटारा आहात." तिने सहज म्हटले. तिला 2009 साल माहीत नव्हते.

तेव्हा मी तिशीत होतो आणि ज्या महाविद्यालयात शिकवत होतो तिथे दुसऱ्या वर्षाला माझ्याकडे मोरोपंतांची 'केकावली' होती. माझे वडील कीर्तनवेडे. केकावलीतले श्लोक पहाटे न्हाणीघरातून ऐकू यायचे. ते 2004 साली गेले. त्या वर्षी वर्गात 'केका म्हणजे मोराची हाक, आणि हा मोर म्हणजे स्वतः मयूरपंत' असे सांगताना माझा आवाज फुटला. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वर्ग स्तब्ध. पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी तसेच झाले. त्याच्या पुढच्या वर्षीही.

2009च्या स्नेहसंमेलनात एका विद्यार्थ्याने माझी नक्कल केली. निमगाव केतकीकडचा, पानमळेवाल्याचा मुलगा. त्याने आधी घड्याळ पाहिले, समोरच्यांना म्हणाला, "आता दोन मिनिटांत सर रडणार," आणि मग केका, मोर, चष्मा, रुमाल. सभागृह कोसळले. पुढच्या रांगेतले सहकारी तोंडावर हात धरून हसत होते. मला जे लागले ते हसणे नव्हे. त्या मुलाच्या दोन मिनिटांनी मला कळले की वडिलांसाठीचे रडू एकाच वर्षी आले होते. नंतरची सगळी वर्षे मी त्याची नक्कल करत होतो.

मी तिथेच उठून गेलो. दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार केली. मुलाला माफी मागावी लागली आणि पुढच्या वर्षापासून संमेलनातल्या नकला बंद झाल्या. गुरूचा अवमान वगैरे शब्द मी त्या अर्जात वापरले होते. 'घाशीराम कोतवाल'चे प्रयोग 1973 साली कसे थांबवावे लागले आणि ते किती चुकीचे झाले, हे मी त्याच महिन्यात एम. ए.च्या वर्गाला तळमळीने शिकवले असणार. अभ्यासक्रमात ते होतेच.

तो 57वा भाग शेवटपर्यंत हसरा राहत नाही, हे पुतण्याच्या लक्षात आले नव्हते, किंवा आले असेल तर त्याला सांगायचे नव्हते. पाहता पाहता झुको गप्प होतो. काकाचा विश्वासघात त्याला रंगमंचावर पुन्हा पाहावा लागतो. आंगला सज्जात कटाराकडून हवे ते उत्तर मिळत नाही. आणि नाटक भूतकाळ ओलांडून पुढे जाते : रंगमंचावर झुको मरतो, आंग मरतो, अग्निराष्ट्राचा राजा विजयी होतो. सगळे प्रेक्षागृह उभे राहून टाळ्या वाजवते. ते राज्यच त्यांचे आहे. त्यांना हा सुखान्त वाटतो. आपल्या मरणावरच्या टाळ्या ऐकत मुले सज्जात बसलेली. आमच्या खोलीतही तेव्हा कुणी बोलले नाही. पुतण्या भिंतीकडे पाहत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "हे आधीच दाखवायचं ना मग, हसवत कशाला बसले?" मुलगी म्हणाली, "हसलो नसतो तर हे लागलं असतं का?" मी दोघांचेही काही न बोलता ऐकले. माझ्या अनुभवाप्रमाणे दोघेही बरोबर होते.

आषाढात तुकोबांची पालखी इंदापुरात मुक्कामी असताना मी मुलीला घेऊन भावाकडे गेलो होतो. रिंगण पाहून परतताना चहाच्या गाड्यावर तोच विद्यार्थी भेटला. आता चाळिशीकडे झुकलेला, एका माध्यमिक शाळेत शिक्षक. वाकून नमस्कार केला. इकडचे तिकडचे बोलणे झाले. मी विचारले, "नकला करतोस का अजून?"

"नाही सर. तेव्हापासनं सोडलं ते."

मुलगी आमच्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "माझी केली होतीस ती येते का अजून?" तो गडबडला. "कशाला सर आता. माफ करा, त्या वेळी पोरवय होतं." मी म्हटले, "माफी एकदा घेतली मी तुझी, ती पुरे. करून दाखव."

त्याने चहाचा कप गाड्यावर ठेवला. आजूबाजूला वारकऱ्यांची गर्दी, टाळांचा आवाज. आवाज खाली घेऊन तो 'केका म्हणजे...' म्हणाला, थबकला, आणि नसलेला चष्मा डाव्या हाताने काढला. मुलीच्या तोंडून हसू फुटले. तो जागच्या जागी थांबला आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहू लागला.

"चुकलास," मी म्हणालो. "चष्मा मी उजव्या हाताने काढतो."

"नाही सर," तो म्हणाला. "डाव्याच. उजव्या हातात पुस्तक असायचं तुमच्या."