क्योतोची सकाळ, वाईची उत्तररात्र

या पाक्षिकाच्या वाचकांपैकी अनेकांचा मुलगा अथवा मुलगी परदेशी असेल. मीही तशीच एक परदेशी राहणारी मुलगी आहे. फरक इतकाच, की माझे वय ६१ आहे आणि वाईला राहणारी माझी आई ८४ वर्षांची आहे. गेली नऊ वर्षे मी जपानमधील क्योतो शहरात एका कलाविद्यापीठात भित्तिचित्रकला शिकवते. अशा प्राध्यापकाच्या आयुष्याविषयी लोकांच्या मनात चेरीच्या बहराचे आणि देवळांच्या निळसर छपरांचे चित्र असते. ते खोटे नाही. पण चेरीचा बहर जेमतेम आठवडाभर टिकतो. उरलेले वर्ष आपल्यासारखेच जाते.

क्योतोला तुम्ही आलात, तर पहिल्यांदा तुमच्या गुडघ्यांना एक गोष्ट जाणवेल. नकाशावर सपाट दिसणारे हे शहर उत्तरेकडे हळूहळू चढत जाते. इथल्या पत्त्यांतही उत्तरेला जाणे म्हणजे ‘आगारु’, वर चढणे, आणि दक्षिणेला जाणे म्हणजे ‘सागारु’, खाली उतरणे. माझे घर ‘वर’ आहे. सायकलीवरून घरी परतताना मला हे व्याकरण रोज नव्याने समजते. तीन बाजूंनी डोंगर असल्यामुळे उन्हाळ्यात इथली हवा कोंदट होते आणि हिवाळ्यात जमिनीतून वर येणारी थंडी पायांच्या हाडांत शिरते.

सकाळी साडेसहाला मी जवळच्या बागेत जाते. तिथे पंधरा-वीस वृद्ध मंडळी रेडिओभोवती जमलेली असतात. जपानी नभोवाणीवर १९२८ सालापासून व्यायामाचा कार्यक्रम होत आला आहे. पियानोच्या तालावर दहा मिनिटे हातपाय हलवायचे, इतकेच. ज्यांना उभे राहवत नाही ते बाकावर बसून करतात. त्यांच्यासाठी बसून करण्याचे प्रकारही ठरलेले आहेत. इथे कोणी कोणाला उत्साहाचे उपदेश देत नाही. मात्र एखादी व्यक्ती दोन दिवस दिसली नाही, तर तिसऱ्या दिवशी तिच्या दाराची घंटा वाजते. मला त्या व्यायामापेक्षा या घंटेचे मोल अधिक वाटते.

व्यायामानंतर कामो नदीच्या काठाने मी विद्यापीठाकडे निघते. ताकानो नदी येऊन कामोला मिळते त्या संगमावर पात्रातून पलीकडे जाण्यासाठी मोठे दगड मांडले आहेत. काही कासवाच्या आकाराचे आहेत. मुले त्यांवरून उड्या मारत जातात. पहिली सहा वर्षे मीही जात असे. आता पुलावरून जाते. वाईला कृष्णेच्या घाटावर आईने ज्या वर्षी पायऱ्या उतरणे थांबवले, तेव्हा मी तिला भित्री म्हटले होते.

वर्गात मी शिकवते त्याहून अधिक शिकते. जपानी परंपरेतले चित्र कागद आडवा ठेवून, जमिनीवर बसून रंगवतात. दगडांपासून कुटलेले खनिज रंग कोमट सरसात बोटाने कालवायचे असतात. सरस थंड झाला, की तो आळतो. म्हणून हिवाळ्यात आमच्या वर्गात रंगांनाही शेगडी लागते. माझे विद्यार्थी तासन् तास असे बसतात आणि हात न टेकता सहज उठतात. मी उठताना मात्र वर्गात शांतता पसरते. सौजन्याने सगळे दुसरीकडे पाहतात.

घरीही जमीनच आहे. लव्हाळ्याच्या तातामी चटया, बुटके टेबल, रात्री पसरायची आणि सकाळी गुंडाळून ठेवायची गादी. दिवसातून वीसेक वेळा तरी खाली बसणे-उठणे होते. सुरुवातीला मला ही शिक्षा वाटे. शेजारच्या ८८ वर्षांच्या बाईंनी एकदा माझी धडपड पाहिली आणि न बोलता मला उठून दाखवले. आधी कुशीवर वळायचे, मग हात आणि गुडघ्यांवर यायचे, न हलणाऱ्या खुर्चीपर्यंत रांगत जायचे, खुर्चीवर दोन्ही हात ठेवून एक पाऊल पुढे रोवायचे आणि मग उठायचे. कुठेही घाई नाही. प्रत्येक टप्प्यावर थांबून त्या श्वास घेत होत्या.

हे सारे मला गेल्या वर्षी २४ जानेवारीला आठवले. मी बागेत व्यायाम करत होते, तेव्हा वाईला पहाटेचे तीन वाजले होते. भारताची वेळ इथल्यापेक्षा साडेतीन तासांनी मागे आहे. त्याच सुमारास आई लघवीसाठी उठली आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडली. अर्धा-पाऊण तास ती तशीच गार फरशीवर होती. तिची हाक पलीकडच्या खोलीत पोचत नव्हती. भावजयीला जाग आली ती योगायोगाने. मनगटाचे हाड मोडले होते. डॉक्टरांनी विचारल्यावर असे लक्षात आले, की हात धड असतानाही गेली कित्येक वर्षे आई जमिनीवर बसलीच नव्हती. खुर्ची, पलंग आणि पुन्हा खुर्ची. आम्हीच तिला म्हणत आलो होतो, ‘आई, तू खाली बसू नकोस.’

भाऊ फोनवर म्हणाला, “ताई, तू येऊन काय करणार? प्लास्टर घातलंय.” मी गेले नाही. दोन दिवसांनी विद्यार्थ्यांना घेऊन ठरल्याप्रमाणे नारा परिसरातील होर्यूजी मंदिराला गेले. तिथल्या मुख्य सभागृहातील भित्तिचित्रे आपल्या अजिंठ्याच्या चित्रांची नात्यातली मानली जातात. १९४९ साली २६ जानेवारीला लागलेल्या आगीत ती करपली. त्या काळात त्यांच्या प्रतिकृती काढण्याचे काम चालू होते. ज्या अराई काम्पो यांनी पूर्वी अजिंठ्याला जाऊन तिथल्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या, तेही होर्यूजीच्या या कामात होते. आगीच्या चार वर्षे आधी ते वारले. दरवर्षी त्या दिवशी तिथे आग विझवण्याची कवायत होते. नळ्यांतून पाण्याचे उंच फवारे उडतात. आपल्याकडे त्या वेळी झेंडावंदन चाललेले असते. विद्यार्थी छायाचित्रे घेत होते आणि मी मात्र एकच विचार करत होते, की अर्धा-पाऊण तास ती काय म्हणत असेल.

तुमच्यापैकी कोणी दूर राहून काळजी वाहत असेल, तर ही टोचणी मी वेगळी सांगायला नको. तिच्यावर मला उपाय सापडलेला नाही. हाताशी होते तेवढे केले. जपानमध्ये २००० सालापासून दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा आहे. वयाच्या चाळिशीपासून त्याचा हप्ता भरावा लागतो. माझ्याही पगारातून तो कापला जातो. गरजू वृद्धाच्या घरात आधाराचे दांडे बसवणे, उंबरे काढणे अशा कामांसाठी त्यातून साधारण दोन लाख येनपर्यंतच्या खर्चाला मदत मिळते, थोडा वाटा स्वतःचा असतो. शेजारणीच्या घरातले असे दांडे मी टेपने मोजले, त्यांची उंची आणि जागा रेखाटून भावाला पाठवली. वाईच्या सुताराने आणि गवंड्याने मिळून आठ दिवसांत काम केले. उंबरा गेला. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर मंद दिवा जळतो. आईच्या उशाशी आणि न्हाणीघरात फरशीजवळ, पडलेल्या माणसाच्या हाताला येईल अशी, घंटेची कळ बसवली. ही दुसरी कळ भावजयीला सुचली; मला सुचली नव्हती.

प्लास्टर निघाल्यावर, व्यायामोपचारतज्ज्ञ बाईंनी परवानगी दिल्यावर, आईने जमिनीवरून उठण्याचा सराव सुरू केला. बाई एका बाजूला, भावजय दुसऱ्या बाजूला, खाली सतरंजी. कुणाचे खुब्याचे हाड ठिसूळ असेल, गुडघा बदललेला असेल, चक्कर येत असेल, तर हा प्रयोग आपल्या मनाने करू नये. पडल्यावर तीव्र वेदना असेल, पाय हलत नसेल किंवा डोक्याला मार लागला असेल, तर उठायचेच नाही. हाक मारायची, अंगावर जे मिळेल ते ओढून ऊब राखायची आणि थांबायचे, असेही त्या बाईंनी आईला बजावले आहे. माझ्या दुपारच्या साडेबाराला, तिच्या सकाळी नऊला, ती फोनसमोर मला उठून दाखवते. पहिल्या महिन्यात तिला अर्ध्यावर थांबावे लागे. आता ती उठते आणि विचारते, “तुझ्या गुडघ्याचं काय?”

जपानचे शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होते आणि पहिले सत्र ऑगस्टच्या सुरुवातीला संपते. यंदाच्या करारात मी फक्त हेच सत्र मागितले. पगार निम्मा झाला. विभागप्रमुखांनी कारण विचारले. मी आईचे वय सांगितले. त्यांची स्वतःची आई ९१ वर्षांची आहे, हे मला नऊ वर्षांत पहिल्यांदा कळले.

ऑगस्टपासून रात्री आईच्या खोलीत मी झोपणार आहे. आईला हे फारसे पसंत नाही. तिच्या मते मी घोरते. भावजय तीन वर्षांत दोन रात्रींपेक्षा जास्त माहेरी राहिलेली नाही. तिला काय आणू म्हणून विचारले, तर काही नको म्हणाली. कोल्हापूरच्या गाडीचे तिकीट मात्र तिने आत्ताच काढून ठेवले आहे, परतीचे न काढता.