फोनवरच्या फिजिओथेरपीबद्दल माझे मत का बदलले

खेड्यातल्या माणसाला फोनवरून उपचार, ही कल्पना मला बरीच वर्षे पटत नव्हती. शहरातल्याला डॉक्टर आणि आपल्याला डॉक्टरचे चित्र, असे मी म्हणायचो आणि विषय निघेल तिथे ठासून मांडायचो. औषध विचारण्यापुरता फोन ठीक आहे, पण लकव्याच्या माणसाला पुन्हा उभे करायचे तर हाताला हात लागावाच लागतो. स्नायू किती कडक झालाय, पाय कुठे अडतोय, हे पडद्यात कसे कळणार? शिवाय एकदा फोनवर भागते म्हटले की रिकाम्या जागा भरायच्या नाहीत, ही सबब सरकारला आयती मिळेल, अशी भीती होती. ती भीती आजही आहे. मूळ मत मात्र बदलले आहे.

आमचे गाव वडनेर काही आडरानात नाही, नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे. आमच्याच जिल्ह्यात सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आणि १९६९ साली सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय आहे. सावंगीला आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. एवढी सोय फार थोड्या ग्रामीण जिल्ह्यांच्या वाट्याला येते. म्हणून माझे म्हणणे साधे होते: सोय जिल्ह्यातच आहे, तिथे जावे.

बाबांना लकवा मारला तेव्हा आम्ही गेलोही. गाडी मिळाली, शेजारी धावून आले, जीव वाचला. उजवा हात आणि पाय मात्र राहिला. घरी सोडताना रोज व्यायाम करून घ्यायला सांगितले, आणि खरा प्रश्न तिथून सुरू झाला. जीव वाचवायला अंतर एकदा कापावे लागते. पुनर्वसनासाठी ते महिनोन्‌महिने कापत राहावे लागते. एसटीची पायरी पाय न उचलणाऱ्या माणसाला चढता येत नाही, म्हणून ऑटो करायचा. सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो. पोहोचेपर्यंत बाबा थकलेले असत, व्यायाम जेमतेम होई आणि परतल्यावर ते झोपून जात. कापूस वेचायला आला तसे जाणे विरळ झाले. बाबाच म्हणाले, “कायले रोज रोज नेतं? वावरात काम पडलं हाय.” मग ते जाणेच बंद झाले.

हे बंद पडणे किती महागात पडते, ते मला तेव्हा नीट ठाऊक नव्हते. मेंदूचा जो भाग गेला तो परत येत नाही. त्याचे काम उरलेला मेंदू शिकतो, आणि तो शिकतो सरावाने. तीच हालचाल पुन्हा पुन्हा, आठवडेच्या आठवडे. जवळ एखादा निष्णात माणूस असेल, पण त्याच्यापर्यंत रोज पोहोचता येत नसेल, तर त्याच्या हाताचा उपयोग मर्यादितच राहतो.

दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनीच व्हिडिओ कॉल सुचवला. मी विश्वास न ठेवता हो म्हटले. सुरुवातीलाच त्यांनी बाबांना खाटेवरून उठवून दाखवायला सांगितले. मी सवयीप्रमाणे लुळ्या हाताला धरून वर ओढू लागलो. त्यांनी लगेच थांबवले. लकव्यात खांद्याचे स्नायू सैल पडतात, ओढल्याने सांधा निखळू शकतो, दुखणे कायमचे मागे लागते. कमरेला आधार कसा द्यायचा ते त्यांनी आईकडून करून घेतले. मग फोन घरभर फिरवायला लावला. उंबरठा, खाटेची उंची, न्हाणीतली ओली फरशी, संडासची पायरी. व्यायाम त्याच जागांवर बेतले गेले. दवाखान्याच्या सपाट फरशीवर आमचा उंबरठा कुणालाच दिसला नव्हता. पडद्यातून काय कळणार, या माझ्या प्रश्नाचे उत्तर मला घरातच मिळाले.

एका घरावरून मत बनवू नये, म्हणून मी शोधून वाचले. अमेरिकेतल्या ११ केंद्रांवर लकव्याच्या १२४ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांनी ७० मिनिटांची ३६ सत्रे केली; त्यांतली देखरेखीखालची सत्रे अर्ध्यांनी घरून, तर अर्ध्यांनी केंद्रात जाऊन केली. हाताची सुधारणा दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. फुप्फुसाच्या जुनाट आजारांबद्दलचा २०२१ चा कॉक्रेन आढावा सांगतो की, दुरून दिलेले पुनर्वसन ९३ टक्के लोकांनी पूर्ण केले, तर केंद्रात येणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांनी. या दुसऱ्या आकड्याने मला हलवले. अर्ध्यावर सुटणारी माणसे म्हणजे आमच्यासारखीच घरे.

पण आपल्याच देशातला एक अभ्यास विसरता कामा नये. २०१७ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या त्या प्रयोगात १४ रुग्णालयांतले १,२५० लकवाग्रस्त होते. काहींच्या घरच्यांना शिकवून पुनर्वसन त्यांच्या हाती दिले, बाकीच्यांना नेहमीचेच उपचार मिळाले. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत ४७ टक्केच राहिले. मी यातून एवढाच अर्थ घेतो की, घरच्यांची माया आणि मेहनत जाणकाराची जागा भरून काढत नाही. पुनर्वसन घरी व्हावे, पण घरावर टाकून देऊ नये.

म्हणून माझा पाठिंबा अटींसह आहे. पहिली तपासणी समोरासमोरच हवी आणि अधूनमधूनही हवी. ज्याचा तोल जातो त्याच्याजवळ माणूस उभा असल्याशिवाय फोनवर व्यायाम नको. ज्याची वाचा गेली, ज्याला ऐकू येत नाही, जिच्या हाती घरातला फोन येतच नाही, त्यांच्यासाठी उपकेंद्राचे दार उघडे हवे. तिथला समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवरून आजही डॉक्टरांशी बोलणे करून देतो. त्याच खोलीत आठवड्याचे ठरलेले दिवस फिजिओथेरपीला द्यावेत. आणि फोन आला म्हणून तालुक्यातले फिजिओथेरपिस्टचे एकही पद कमी होता कामा नये. फोनच्या पलीकडे कुणी बसलेले नसेल, तर तो फोन आम्हाला काय कामाचा?

बाबा आता काठी घेऊन वावराच्या बांधापर्यंत जातात. हात पूर्ण आलेला नाही आणि कदाचित येणारही नाही. तरीही लकव्याच्या प्रत्येक रुग्णासाठी मी एक मागणी धरून आहे. त्याला घरी सोडताना कार्डावर गोळ्यांच्या खाली आणखी दोन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: पुढचा फोन कोणत्या दिवशी येईल आणि तो कोण करील.