थंडीचा उतार

डिसेंबरात भल्या पहाटे वाईहून महाबळेश्वरला निघणारा मोटरसायकलस्वार स्वेटर, त्यावर जर्किन, हेल्मेटखाली कानटोपी असा सगळा जामानिमा करून किक मारतो. जुन्यांपैकी कुणी जर्किनच्या आत छातीशी वर्तमानपत्राची घडीही सारतो. वर गारठा वाढतच जाणार, हा त्यामागचा हिशेब. शाळेतल्या भूगोलाचाही त्याला पाठिंबा: हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं.

पसरणी घाटाची पहिली काही वळणं संपतात आणि हिशेब फिसकटतो. झोंबणारा वारा मवाळ होतो, हँडलवरची बोटं हलू लागतात. खाली कृष्णेच्या खोऱ्यात, धोम धरणाच्या बाजूला, धुकं साचलेलं; गाडी त्याच्या वर आलेली.

निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली ऊब आकाशात सोडून देते. तिला टेकलेली हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखी उतार धरून खोऱ्यात जाऊन साचते. म्हणून तर हिवाळ्यात पुण्याचा पारा महाबळेश्वरच्याही खाली गेल्याची बातमी येते आणि पुणेकर ती अभिमानानं एकमेकांना वाचून दाखवतात. काचा वर केलेल्या मोटारीत हे काही कळत नाही. स्वाराच्या गुडघ्यांना मात्र प्रत्येक ओहोळ कळतो: मोरीवरून जाताना गार झोत, पुढच्या कड्यापाशी ऊब. शिवाय वेगाचा वारा वेगळाच. १० अंशांच्या हवेत ताशी ५० किलोमीटरनं जाणाऱ्याच्या उघड्या कातडीला साडेपाच अंशांचा गारठा जाणवतो.

पाचगणी मागे पडते, रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीचे वाफे दिसू लागतात, आणि महाबळेश्वरच्या अलीकडे वेण्णा तलावापाशी थंडी अचानक गाठते. गावापेक्षा ही जागा खोलगट. आसपासच्या उतारांवरची जड हवा इथंच येऊन बसते. कडाक्याच्या पहाटे नौकाविहाराच्या धक्क्यावरच्या फळ्या, जीपगाड्यांचे टप, स्ट्रॉबेरीची पानं हिमकणांनी पांढरी होतात. तापमापक तेव्हाही शून्याच्या वर असू शकतो, कारण तो हवा मोजतो. उघड्यावरचं पान हवेपेक्षाही गार झालेलं असतं. पर्यटक दंव खरवडून फोटो काढतात. स्ट्रॉबेरीवाल्याला त्यात जळालेली पानं दिसतात.

स्वाराच्या दृष्टीनं अवघड भाग यापुढचा. प्रतापगडाच्या बाजूनं पोलादपूरला उतरणाऱ्या आंबेनळी घाटात सावलीतल्या वळणांवर ऊन उशिरा पोचतं. डांबर ओलसर, टायर अजून गार, म्हणजे पकड कमी. अशा रस्त्यावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडून देणारे महाभाग असतात. दोन रुपयांची बचत होते. पण गिअरमध्ये चालू असलेलं इंजिन उतारावर वेग आवरतं, ते काम मग सगळं ब्रेकवर पडतं. ड्रम ब्रेक लांब उतारावर तापले की लिव्हर दाबूनही गाडी हवी तिथं थांबत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाची कुरकुर ऐकत उतरणारा दूधवाला जास्त शहाणा. त्याच्या मागं राहावं, ओव्हरटेक करू नये.

कोकणाच्या अंगाला हवा दमट होत जाते. पोलादपूरला पोचेपर्यंत ऊन चढलेलं असतं. जर्किन घामेजून सीटवर बांधलं जातं, आणि छातीवरच्या वर्तमानपत्राची शाई बनियनला लागलेली असते.