पद्मिनीचा ऑइल पंप



आमच्याकडे 1986 ची प्रीमियर पद्मिनी आहे, हे जुन्यांना ठाऊक आहेच. मुलगी मडगावला दिली, तेव्हापासून चोर्ला घाट या गाडीला तोंडपाठ. यंदा मात्र इंजिन गरम झालं की मंद चालीवर ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. मेस्त्री म्हणाला, "इंजिन उतरवून सगळं नवीन करायला पायजे, नाहीतर भंगारात घाला." घरातलं मतही भंगाराच्याच बाजूनं पडलं.

मी बी.कॉम.चा माणूस. ताळेबंद जुळेना झाला की आधी सोप्या नोंदी तपासायच्या, ही सवय. तेलाची पातळी बरोबर होती. दिव्याचा स्विच बदलला, फरक नाही. मग स्विचच्या जागी दाबाचा गेज लावला. थंड असताना काटा ठीक, गरम झाल्यावर खाली बसायचा. म्हणजे दिवा खोटं बोलत नव्हता. संशयित उरले दोन, बेअरिंग आणि पंप. पंप स्वस्तातला, म्हणून आधी तो.

पद्मिनीचा पंप चेंबरच्या आत असतो. गाडी घोड्यांवर घेतली (नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीही शिरू नका), तेल काढलं, चेंबर सोडला. शेजारचा पोरगा वाकून विचारतोय, "आजोबा, काय करूलालाय?" म्हटलं, "ऑडिट!"

जाळीवर काळा गाळ आणि जुन्या पॅकिंगचे तुकडे. पंप खोलला तर आत एकमेकांत गुंतलेले दोन गिअर, बस्स. दातांच्या खाचांतून तेल कडेकडेनं पुढं ढकलायचं, एवढंच त्यांचं काम. सरळ पट्टी ठेवून फिलर गेज घालून बघितलं. गिअर चांगले, पण झाकणावर त्यांनी गोल चर पाडलेले, नखाला लागणारे. गरम होऊन पातळ झालेलं तेल तिथूनच मागं फिरत होतं.

झाकण घेऊन उद्यमबागेत एका छोट्या वर्कशॉपात गेलो. मालक कन्नड. त्यानं मला लगेच ओळखलं. 1983 साली त्याच्या पहिल्या लेथच्या कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर आला होता. तारण अपुरं होतं. मी शेडवर जाऊन त्याचं काम बघितलं आणि शिफारस लिहिली. मला आठवतही नव्हतं, तो विसरला नव्हता. त्यानं झाकण ग्राइंडरवर घेऊन आरशासारखं सपाट करून दिलं. मी पाकीट काढलं तर म्हणाला, "साहेब्र, रोक्क ब्याड्री."

आपल्या गावात भाषेवरून काय काय झालंय ते आपण सगळ्यांनी बघितलंय. त्या शेडमध्ये तो कन्नडात बोलत होता, मी मराठीत, आणि विषय मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा. एक शब्द अडला नाही.

बसवताना जाळी धुतली, पॅकिंग नवं घातलं, पंपात आधीच तेल भरलं, म्हणजे तो कोरडा फिरत नाही. प्लग काढून नुसता स्टार्टर मारला. गेजचा काटा उठल्यावरच प्लग लावून इंजिन चालू केलं.

परवा मडगावला जाऊन आलो. घाट चढून आल्यावरही काटा जागचा हलला नाही. घरातलं भंगाराचं मत तूर्त मागं घेतलं गेलंय.

एक लक्षात ठेवा. चालत्या गाडीत हा लाल दिवा लागला तर "पुढच्या गावापर्यंत जाऊ" म्हणू नका, तिथंच इंजिन बंद करा. आणि उद्यमबागेतल्या जुन्या कारागिरांच्या आठवणी असतील तर जरूर लिहा.