बस दारात येते म्हणून

सांगली,
रंगपंचमी

चि. मनू,

काल फोनवर तू म्हणालीस, "अंतराचं काय एवढं मावशी, बस दारात येते की!" तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. रात्री उठून तुझा तो तक्ता पुन्हा उघडून बसले. सात शाळा, प्रत्येकीपुढे बोर्ड, फी, पोहण्याचा तलाव, रोबोटिक्स, वर्गात एसी आहे की नाही. घरापासून किती लांब, हा रकानाच नाही! वाकडला घर बघताना ऑफिस किती मिनिटांवर आहे हे तुम्ही दोघांनी तीनतीनदा मोजलंत. तुमच्या सहा वर्षांच्या चिऊचं अंतर कोणी मोजायचं गं?

सीबीएसई की स्टेट बोर्ड, असं तू विचारलं होतंस. पुन्हा राज्याबाहेर बदली होण्यासारखी असेल तर सीबीएसई घ्या, नसेल तर दोन्ही चालेल. पहिलीतल्या मुलाला बोर्ड कुठे भेटतं? त्याला भेटतात त्या वर्गातल्या बाई, आणि तिथवर जायचा रस्ता.

आणि तुम्ही धरून बसलेल्या शाळेचा तो रस्ता बावधनपर्यंत! शाळा आठची, बस मधल्या सोसायट्यांची मुलं गोळा करत जाणार, म्हणजे चिऊ पावणेसातला खाली उभी. तिला सहाला उठवणार, आणि घास तोंडात धरून बसणारी ती मुलगी काय खाऊन जाणार? मुलांची झोप होत नाही म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत, असं शासनानेच फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलंय. ही शाळा आठला का भरते, एवढं तरी विचारलंस का? शिवाय तिला गाडी लागते. कुंभार्ली घाटातलं विसरलीस? तेव्हा तू मागे बसून तिचं डोकं धरलं होतंस. बसमध्ये कोण धरणार?

लहान मुलाची शाळा पायी जाण्याच्या अंतरावर हवी. मी हे आयुष्यभर सांगत आले आणि तुम्ही सगळ्यांनी ते मावशीचं खूळ म्हणून ऐकून घेतलंत. पण हे माझं एकटीचं नाही. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, आणि त्याखालच्या महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी असं लिहिलंय. एक किलोमीटर म्हणजे सहा वर्षांच्या पायांना झेपेल इतकं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा मुलं बालवाडीपर्यंत येईनात म्हणून त्यांनी वर्गच मुलांच्या अंगणात नेला. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. शाळेने मुलाकडे जायचं, हा विचार आपल्याकडे इतका जुना आहे. आणि आता आपण फी भरून मुलांना पहाटे शाळेकडे पाठवतो आणि त्याला चांगलं शिक्षण म्हणतो. मला हे पाहवत नाही.

पायी जाणाऱ्या मुलाला आपला रस्ता पाठ होतो. कुठलं कुत्रं अंगावर येतं, कुठे पाणी तुंबतं, चपला शिवणारे काका दुपारी कुठे टेकतात. त्याचे वर्गमित्र संध्याकाळी त्याच मैदानावर येतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी इथे सांगलीच्या गावभागात शिरलं, तेव्हा वर्गातलं कोणतं मूल कोणत्या मामाकडे, कोणत्या मंगल कार्यालयात गेलंय, हे आयांना एकमेकींकडून ठाऊक होतं. रोज शाळेच्या फाटकाशी उभ्या राहायच्या ना त्या!

हे मी चिऊपेक्षाही तुझ्यासाठी लिहितेय, मनू. बंगळूरचं मी काढणार नव्हते, पण समोरच्या दारातल्या त्या बाईंचं नावही तुला शेवटपर्यंत कळलं नव्हतं, आणि तुला ताप आला तेव्हा चिऊला सांभाळायला कोणी नव्हतं. नव्या गावात बाईमाणसाला ओळखी कुठे होतात? शाळा सुटताना फाटकाबाहेर होतात. कामवाल्या बाई कोण चांगल्या, रात्री कुठला दवाखाना उघडा असतो, हे तिथेच कळतं. बस सोसायटीत आली की ते फाटक तुझ्या वाट्याला येतच नाही.

आता एक रागवायचं राहिलंय. त्या बावधनच्या शाळेने चिऊला रंग ओळखायला लावले, तुम्हाला पगार विचारला, आणि तुम्ही ठेवणीतले कपडे घालून मुकाट उत्तरं दिलीत! प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत दंड आहे, पुढे प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत. तू एवढी शिकलेली, तुला हे बोलता आलं नाही?

तर आता असं कर. तक्ता बाजूला ठेव आणि घरापासून चालत निघ. वीस मिनिटांत लागतील त्या सगळ्या शाळा बघ, महापालिकेचीसुद्धा. नाक मुरडू नकोस, आत जाऊन ये. शाळा सुटायच्या वेळी जा, मुलं कशी बाहेर पडतात ते बघ. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी लागते का, नळाला पाणी आहे का, ते स्वतः बघ. एका शिक्षिकेमागे किती मुलं ते विचार, प्राथमिकला कायद्याचं माप तीसचं आहे. गेल्या वर्षीच्या बाई यंदा आहेत का, हेही विचार. ज्या शाळेत बाई टिकत नाहीत तिथे मूलही रमत नाही, हे मी फार जवळून पाहिलंय. बाहेर 'सीबीएसई पॅटर्न' अशी पाटी असली तर संलग्नता क्रमांक माग. शाळेचा सरकारी यूडायस क्रमांकही माग, तो अकरा आकडी असतो आणि आपल्या राज्याचा २७ ने सुरू होतो. अनधिकृत शाळांच्या याद्या दरवर्षी निघतात, आणि त्या निघेपर्यंत पालकांचे पैसे भरून झालेले असतात.

एवढं बघूनही जवळची एकही मनाला आली नाही, तर मग बावधन. मी हट्ट धरणार नाही. पण तेव्हा मुख्याध्यापकांना भेटून शाळेची परिवहन समिती आहे ना, बसमध्ये सोबतीला बाई असते ना, हे विचारशील. चालकाचं नाव लिहून घेशील. पावसाळ्यात हायवेच्या पुलाखाली पाणी साचलं, बस अडकली, तर चिऊजवळ कोण असेल, हे मला आधी सांगशील.

पहिला हप्ता शुक्रवारपर्यंत भरायचा आहे म्हणालीस. भरला नाहीस ना? उद्या सकाळीच फोन कर, मी वाट बघते.

तुझी,
मावशी