भिंतीवरची साडी

शेजारच्या अक्कांनी आमच्या दोघींच्या मधल्या भिंतीवर एक जुनी साडी टाकली होती. दोन दिवस झाले, तीन झाले, साडी तिथंच. मध्ये पाऊस येऊन गेला तरी काढेनात. एरवी ढग दिसला की अक्का माझ्यासुद्धा दोरीवरचे कपडे गोळा करून ठेवणार! म्हणून मीच हाक मारली, "अक्का, साडी भिजली की हो."

पलीकडूनच उत्तर आलं, "राहू दे वैनी. ती वाळत घातलेली नव्हे."

मला उलगडायला संध्याकाळ झाली.

महिन्यापूर्वी मुलगा पुण्याहून आला आणि दोन कॅमेरे बसवून गेला. एक पुढच्या दाराला, एक परसात. "आई, तुम्ही दोघंच असता," म्हणाला. परसातल्या कॅमेऱ्यात आमची विहीर दिसायची, पेरू दिसायचा आणि निम्मं अक्कांचं अंगण. भांडी घासायची जागा, न्हाणीचं दार, मागची पायरी. खरं सांगते, दुपारी आडवी झाले की मी मोबाईल उघडायची. मालिकेपेक्षा बरं वाटायचं. आणि एकदा अक्कांना विचारून बसले, "काल सूनबाई पायरीवर बराच वेळ बसली होती, बरं नाही काय?" ती रडत होती हे मी बोलले नाही. पण अक्का समजायचं ते समजल्या.

आता आणखी ऐका. बस्तीत कॅमेरे बसवायचे ठरले तेव्हा सगळ्यात जास्त बोलले होते मीच! कमिटीनं कायदा वाचून दाखवला. कर्नाटकाचा 2017 चा सार्वजनिक सुरक्षेचा कायदा. एका वेळी 100 किंवा दिवसाला 500 माणसं येतात अशा दुकानांना, शाळांना, दवाखान्यांना, तशीच धार्मिक ठिकाणांनाही कॅमेरे सक्तीचे. चित्रण 30 दिवस जपायचं, पोलिसांनी मागितलं की द्यायचं. पर्वात आमच्याकडे शंभर माणूस सहज होतं, तेव्हा वादच नाही. मी उठून विचारलं, पोलिसांनी मागितलं तर द्या, पण एरवी ते बघणार कोण? कुणाकुणाच्या मोबाईलवर? आणि बायका पूजेची वस्त्रं बदलतात त्या खोलीच्या दाराकडे त्याचं तोंड कशाला? थोडी कुरबुर झाली. पण कॅमेरा फिरवला, पासवर्ड दोघांकडेच ठेवायचा ठरला. त्या दिवशी घरी येताना मी जरा ताठच चालत होते.

घरात कुठं शंभर माणसं जमतात? इथं ना कमिटी, ना उठून विचारणारी बाई.

जाऊबाईंची मुलगी वकील आहे, तिला फोन केला. ती म्हणाली, कलकत्त्याला एकाच घरात राहणाऱ्या भावांचा असा तंटा झाला होता. घरात राहणाऱ्यांच्या संमतीवाचून राहत्या भागात कॅमेरे चालवणं म्हणजे त्यांच्या खासगीपणावर घाला, असं तिथल्या हायकोर्टानं 2025 मध्ये सांगितलं. सुप्रीम कोर्टानंही त्यात हात घातला नाही. मी घाबरून विचारलं, "मग आपलं?" तर म्हणते, "काकू, तुमचं कोर्टातलं काम नव्हेच. घरात शिडी आहे ना?"

ह्यांनी शिडी धरली, मी चढले. आता फक्त विहीर आणि पेरू दिसतो. मागचं सगळं पुसून टाकायला मुलाला सांगितलं, आणि मोबाईल घेऊन अक्कांकडे गेले. "बघा, तुमचं काहीसुद्धा दिसत नाही आता." त्यांनी पडद्याकडे पाहिलं नाही. "मला कशाला दाखवताय," म्हणाल्या, आणि चहा टाकला.

साडी आणखी आठ दिवस होती. मग एका सकाळी नव्हती. सूनबाई मात्र अजून पायरीवर बसत नाही.