शेवटच्या पानापासून

वर्तमानपत्र पहिल्या पानापासून वाचायला घेणाऱ्या माणसांविषयी मला नेहमीच थोडा संशय वाटत आला आहे. ही माणसे आपल्या छत्रीवर नाव घालत असणार आणि विजेचे बिल आल्या दिवशीच भरत असणार. आमच्या घरात अंक उलटा उघडायची रीत आहे. आधी शेवटचे पान, म्हणजे खेळाचे. मग आत कुठेतरी कोपऱ्यात अंग चोरून बसलेली विज्ञानाची बातमी. मग जमलेच तर पहिल्या पानावरचे राजकारण, आणि रविवार असेल तर पुरवणीतला प्रवास. ही रीत अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी पाडली. तिच्यामागचे त्यांचे तत्त्वज्ञान एवढेच, की "शेवटच्या पानावर निदान निकाल तरी लागलेला असतो."

2023 च्या दिवाळीनंतर अण्णांना वाचता येईनासे झाले. मोतीबिंदू केव्हाच काढून झाला होता. हे डोळ्याच्या पडद्याचे दुखणे निघाले. यात नजरेचा मधला भाग तेवढा जातो आणि कडा शाबूत राहतात. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सगळे समजावले. बाहेर आल्यावर अण्णांनी त्याचे सार सांगितले, "म्हणजे तुझे कान दिसतील, तोंड दिसायचं नाही. फारसं काही बिघडलं नाही."

तेव्हापासून रोज रात्री नायगाव स्टेशनावरून उमेळ्याला घरी पोचलो, हातपाय धुतले, की ओटीवर बसून मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवू लागलो. मी कॉलेजात मराठी शिकवतो. मोठ्याने वाचणे हाच माझा पोटापाण्याचा धंदा; तेव्हा हे काम आपण सहज करू असे मला वाटले होते. पहिल्याच रात्री अण्णांनी मला थांबवले. "बातमी वाचतोयस की कविता? आधी धावा सांग, मग हुंदके."

एक मात्र झाले. इतकी वर्षे लोकलच्या दारात लोंबकळत मी नुसते मथळे चाळत आलो होतो. आता शब्द न् शब्द वाचावा लागल्यामुळे एक व्याकरणविषयक शोध लागला. खेळाचे पान भूतकाळात लिहिलेले असते: जिंकला, हरला, बाद झाला. राजकारणाचे पान भविष्यकाळात, आणि तेही कर्मणी प्रयोगात: रस्ता बांधला जाईल, पाणी दिले जाईल. कोण बांधणार, कोण देणार, हे कर्त्याचे नाव त्यात कुठेच नसते. विज्ञानाची बातमी 'शक्यता आहे' वर संपते. प्रवासाचे पान सगळे आज्ञार्थात: जरूर पाहा, अवश्य चाखा, स्वेटर विसरू नका. ज्याचे नावच वर्तमानपत्र, त्यात वर्तमानकाळ तेवढा सापडत नाही! हा शोध मी वर्गात सांगितला तेव्हा मुलांनी वहीत उतरवून घेतला. परीक्षेला येईल असे त्यांना वाटले असावे.

अण्णांना जुन्या खेळासाठी कागद लागत नाही. 1971 साली ओव्हलवर अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडला चार गडी राखून हरवले, तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. चंद्रशेखरचे 38 धावांत सहा बळी त्यांनी शेजारच्या वाडीतल्या ट्रान्झिस्टरला कान लावून मोजले होते. ते सहा फलंदाज आजही ते क्रमाने सांगतात. मी काल कोणते व्याख्यान दिले हे मला आठवत नाही.

प्रवासाच्या पानाशी मात्र त्यांचे कधी जमले नाही. एका रविवारी मी कुठल्याशा हिमशिखरांचे वर्णन वाचत होतो. अण्णा म्हणाले, "आपण कुठं गेलो नाही रे कधी." हे वाक्य मला लागले. म्हणून मी पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. नायगाव ते चर्चगेट सुमारे अठ्ठेचाळीस किलोमीटर, जाऊन-येऊन शहाण्णव. वर्षाचे कामाचे दिवस 280 धरा. 1972 ते 2006, चौतीस वर्षे नोकरी. गुणाकार नऊ लाख तेरा हजारांवर गेला. चंद्र पृथ्वीपासून सरासरी तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर. म्हणजे अण्णा चंद्रावर जाऊन परत आले होते आणि पुन्हा निघून एक तृतीयांशाहून अधिक वाट चालून गेले होते. मी हे मोठ्या थाटात जाहीर केले. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "खरं असेल. पण अंधेरीपर्यंत बसायला मिळत नसे."

आणि न हलता केलेला प्रवास वेगळाच. अण्णा जन्मले ते मुंबई प्रांतात. 1950 साली त्याचे मुंबई राज्य झाले, 1956 साली द्वैभाषिक, 1960 साली महाराष्ट्र. जिल्हा ठाणे होता, तो 2014 च्या ऑगस्टपासून पालघर झाला. 2009 साली वसई-विरार महानगरपालिका आली आणि मग इकडची गावे तिच्यात असावीत की नसावीत यावर मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. या सगळ्या काळात आमची विहीर होती तिथेच आहे. पूर्वी सरकारी कामाला दक्षिणेकडे जावे लागे, आता उत्तरेकडे जातो, एवढाच फरक. अण्णा म्हणतात, राजकारण म्हणजे आपण बसल्या जागी आपल्याखालची सतरंजी बदलणे.

आता खरी गोष्ट सांगतो. आमच्या वाडीला एक गिऱ्हाईक आले होते. बैठे कौलारू घर, मागे विहीर, दहा-बारा माड आणि आईने लावलेला सोनचाफा. एवढ्याचे ते गृहस्थ जे पैसे सांगत होते ते ऐकून मला प्रथम वाटले, यांचे एखादे शून्य चुकले असेल. त्या पैशांत बोरिवलीला लिफ्टवाल्या इमारतीत चांगली जागा येत होती. चिरंजीव दहावीत, त्याचे क्लास तिकडेच. माझे रोजचे दोन तास वाचत होते. आमच्या सौभाग्यवतींनी तर मनातल्या मनात पडदेसुद्धा लावून टाकले होते. तिचे काही चुकत होते असे मी म्हणणार नाही. पहाटे साडेचारला उठून तिघांचे डबे भरणारे माणूस दुसरे काय करील? राहिले होते फक्त अण्णांना विचारणे. ते काम माझ्याकडे आले.

मी तीन महिने विचारले नाही. रोज रात्री तासभर आम्ही शेजारी बसत होतो. धावसंख्या, निवडणूक, भूकंप, उष्णतेची लाट, सगळ्यावर बोलत होतो. एवढ्या बातम्यांच्या आड मला हवा तेवढा लपायला मिळत होता आणि मी लपत होतो.

2024 च्या एप्रिलात एका रात्री व्हॉयेजरची बातमी आली. व्हॉयेजर-1 हे अमेरिकेचे यान 1977 च्या सप्टेंबरात सोडलेले. ("माझं लग्न त्याच वर्षी," अण्णा म्हणाले.) ते आता सुमारे 2400 कोटी किलोमीटरांवर गेले होते. 2023 च्या नोव्हेंबरात ते अचानक बरळू लागले. संदेश येत होता, पण त्याला अर्थ नव्हता. शेवटी कळले, की त्याच्या स्मरणातली एक चिप निकामी झाली आहे. ती बदलायला तिथे जाणार कोण? शास्त्रज्ञांनी तिच्यातल्या सूचनांचे तुकडे केले आणि उरलेल्या स्मरणात जिथे जिथे फट सापडली तिथे ते बसवले. 18 एप्रिलला हुकूम पाठवला. तो पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तितकेच. 20 तारखेला यान पुन्हा शुद्धीवर येऊन बोलू लागले.

अण्णांनी ही बातमी दोनदा वाचायला लावली. मधला भाग गेला तरी कडेकडेच्या जागेत काम चालते, हे त्यांना फार पटले असावे. आणि का कोण जाणे, त्याच क्षणी माझ्या तोंडून निघून गेले, "अण्णा, घराला गिऱ्हाईक आलंय. बोरिवलीला जागा बघावी म्हणतो. तुम्हांला काय वाटतं?"

ते काही बोलले नाहीत. मी राजकारणाचे पान उघडले आणि काय वाचले ते माझे मलाच समजले नाही. दुसऱ्या रात्रीही त्या विषयावर एक अक्षर निघाले नाही. तिसऱ्या रात्री मी शेवटचे पान काढले, तेव्हा त्यांनी कागदावर हात ठेवला.

"विहिरीपासून ओटीपर्यंत सत्तावीस पावलं. चाफ्यापाशी डावीकडे वळायचं. तिसरी पायरी खचलीय, ती मी मुद्दाम नीट करू देत नाही. पायाला लागली की कळतं, घर आलं." थोडे थांबून ते म्हणाले, "इथं मी आंधळा नाही रे. बोरिवलीला होईन." आणि लगेच, "तुम्हांला जायचं तर जा. मी अडवणार नाही. हं, वाच. काल कोण जिंकलं?"

मी वाचले. आवाज सारखा घोगरा होत होता. मी खोकल्यावर घातले.

ती सत्तावीस पावले मी दुसऱ्या दिवशी डोळे मिटून चालून पाहिली. नवव्या पावलाला माडावर आदळलो. घरात येऊन कपाळाला हळद लावताना सौभाग्यवतीला सगळे सांगितले. ती काही बोलली नाही. आठवड्याने त्या गृहस्थांचा फोन आला तो तिनेच घेतला आणि सध्या विचार नाही म्हणून सांगितले. सध्या, हा शब्द तिचा. चिरंजीवांच्या क्लासची व्यवस्था वसईतच केली. माझी लोकल चालू आहे, तिचे साडेचारचे उठणेही चालू आहे, आणि तिच्याकडे बघताना मला अजून पुष्कळदा अपराध्यासारखे वाटते.

2 ऑगस्ट 2024 ची रात्र. अंक हातात घेतला तर पंचाईत! खेळाची बातमी पहिल्याच पानावर. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या नेमबाजीत ब्राँझपदक मिळवले होते. 1952 साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत मिळवले, त्यानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे वैयक्तिक पदक. आणि हा मुलगा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस!

"टी. सी. ना?" अण्णा ताठ बसले. "मग नेम चुकायचा नाही. चौतीस वर्षं बघत आलोय. दोनशे माणसं उतरली तरी बिनतिकिटाचा बरोबर हेरतात."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. पदराला हात पुसत सौभाग्यवती ओटीवर येऊन बसली. म्हणाली, "आज पहिल्या पानापासून का? मग पुढचंही सरळच वाचा. पावसाचं काय लिहिलंय बघा, कपडे वाळत नाहीत चार दिवस."

मी दुसरे पान उलटू लागलो. पानाचा आवाज ऐकून अण्णांनी हात वर केला.

"थांब. ते पान शेवटचं नाही."